मुक्यांची जागा

लटारूचं फावडं लाकडावर आपटलं आणि तो थांबला. वाकून त्याने हाताने माती सारली, बोटांनी ठोकून पाहिलं, आणि मान वर न करताच विचारलं,

"इसरूभाऊ, इथी कोन हाय जी?"

इसरू दयाल आपल्या आजीच्या मोकळ्या झालेल्या कबरीच्या खड्ड्याशी उभा होता. आजी, आजोबा, आई, बाप, चौघांचंही सकाळपासून काढून झालं होतं. जे काही हाती लागलं ते पांढऱ्या कापडात बांधून कडुनिंबाखाली ओळीने ठेवलं होतं.

"तिथी कोनी नाई," इसरू म्हणाला. "तिथी आमचं कुंपन होतं."

"कुंपनाले पेटी नसते भाऊ."

इसरू खड्ड्यात उतरला. आजीच्या कबरीला लागून, अगदी कुशीत म्हणावी अशा जागी, मातीत एक सागवानी पेटी होती. दोन हात लांब. झाकण मधोमध खचलं होतं, पण कोपरे शाबूत होते. फळीच्या दातांत फळीचे दात गुंतवून केलेले, खिळ्याशिवायचे सांधे. असे सांधे इसरूने जन्मभर पाहिले होते. घरातली धान्याची पेटी, बसायचा बाक, देवळीतली फडताळं, सगळं आजोबांच्या हातचं, आणि सगळ्यांचे कोपरे असेच.

खाणीचा सर्व्हेअर कुलदीप काठावर येऊन उभा राहिला. पोरगा नागपूरचा, मनाने चांगला. खाण वाढवायला ही कबरींची जागा लागत होती, आणि ती मोकळी झाल्याचं त्याला संध्याकाळच्या आत कळवायचं होतं.

"काका, याचं नाव सांगा. लहान मूल दिसतंय."

"मले मालूम नाई."

"तुमच्याच घरातलं असेल ना?"

"पेटी आमच्या घरची हाय," इसरू म्हणाला. "लेकरू कोनाचं हाय ते मालूम नाई."

कुलदीपने सांगितलं की नव्या जागेवर पुरायचं काम पुढच्या आठवड्यात आहे, तोवर नाव कळलं तर ठीक, नाहीतर बेवारस धरून बाकीच्या बेवारसांसोबत एकत्र ठेवावं लागेल. लटारूने पेटीवर ताडपत्री टाकली आणि चार दगड ठेवले. पलीकडे खाणीतून उपसलेल्या मातीचा डोंगर उभा होता. त्यावर चढणाऱ्या डंपरांचा धुरळा दिवसभर असतो, तसा तेव्हाही होता.

घुग्घुसमध्ये या जागेला मुक्यांची जागा म्हणत. दयालच्या घराला मुक्याचं घर. ते ख्रिस्ती होते, पण त्यांना ना पाद्री होता ना चर्च. नर्मदेकाठी सोहागपूरकडे क्वेकर पंथाच्या गोऱ्या लोकांनी जी मंडळी आपल्यात घेतली, त्यांतलं हे घर. रविवारी सकाळी हे लोक बाकावर नुसते बसत. गाणं नाही, पोथी नाही, घंटा नाही. कुणाला आतून काही बोलावंसं वाटलं तर तो बोले, नाहीतर तासभर गप्प. कुणावर हात उचलायचा नाही, आणि खोटं बोलायचं नाही, एवढेच त्यांचे मोठे नियम. इसरूचे आजोबा दयाल एकदा खाणीतल्या मारामारीत साक्षीदार म्हणून कोर्टात गेले आणि शपथच घेईनात. म्हणाले, शपथेवर खरं बोलायचं म्हणजे एरवी मी खोटं बोलतो काय? ही गोष्ट अजूनही गावात कुणी ना कुणी सांगे.

कबरींवरही नावं नसत. जमिनीलगत एक सपाट दगड, बस्स. मेल्यावर कोण मोठा, कोण लहान, असं आजोबा म्हणत. कोण कुठे आहे हे घरातल्या एकाला माहीत असलं म्हणजे झालं. तो एक म्हणजे आता इसरू होता, आणि त्यालाच माहीत नव्हतं.

खाणीच्या दिव्यांच्या खोलीत त्याने नोकरी काढली होती. खाली उतरणाऱ्याच्या हाती दिवा द्यायचा, वर येणाऱ्याकडून परत घ्यायचा. एखादा दिवा यायचा राहिला तर तो खुर्चीत बसू शकत नसे. खिडकीशी जाई, दारात येई, पुन्हा खिडकीशी. बहुतेक वेळा माणूस वर येऊन दिवा न देताच चहाला गेलेला असे. पण ती येरझार अंगात मुरली होती. निवृत्त होऊन दोन-अडीच वर्षं झाली तरी घरात तो तशाच चकरा मारी. रविवारी बाकावर बसल्यावर तेवढा तो स्थिर होई. त्या दिवशी घरी आल्यावर मात्र त्याने चहासुद्धा अंगणात उभ्याने घेतला.

"बसून पेत जा नं," रंभा म्हणाली.

रंभा त्याची बायको, सिंदेवाहीकडच्या बौद्ध घरातली. लग्नात ना तिच्या घरच्यांनी त्याला काही बदलायला लावलं, ना त्याच्या घरच्यांनी तिला. ती तिच्या विहारात जाई, आणि रविवारी त्याच्यासोबत बाकावरही बसे. भाजी निवडत बसता आलं असतं तर आणखी बरं झालं असतं, असं ती हसून म्हणे.

"लेकरू निंगालं," इसरू म्हणाला.

"कोनाचं?"

"तेच त मालूम नाई."

आत नूतन जमिनीवर मोठा कागद पसरून बसली होती. त्यांची मुलगी नूतन नागपूरला शाळेत शिकवते. नर्मदेकाठच्या मंडळींनी गाव सोडून लांब गेलेल्या घरांची माहिती मागवली होती, तेव्हापासून ती वंशावळीच्या मागे लागली होती. सुट्टीत येई ती विचारत विचारतच. कागदावर सगळ्यात वर होतं प्रेमदास. संवत छप्पनच्या, म्हणजे १८९९-१९०० च्या दुष्काळात नऊ-दहा वर्षांचा एक मुलगा क्वेकरांना रस्त्याच्या कडेला सापडला. आईबाप कोण, गाव कोणतं, त्याला सांगता येईना. त्यांच्या अनाथालयात तो वाढला, सुतारकाम शिकला. प्रेमदासचा मुलगा दयाल. दयाल आपल्या बायकोला, शांतीला, आणि लहान मुलीला घेऊन खाणीचं छत तोलणाऱ्या टेकूंच्या लाकडांचं काम करायला इकडे आला. त्यांच्यासोबत आणखी दोन घरं आली होती. ती पुढे पांगली. दयाल राहिला. दयालचा मुलगा पतरस. खाणीतले लोक त्याला पत्रू म्हणत. पत्रूचा मुलगा इस्राएल. त्याचं इसरू झालं, आणि इसरू म्हणजे ईश्वरच असेल असं समजून सगळे गप्प बसले.

"बाबा, शांतीआजीला आणखी मूल होतं का?" नूतनने विचारलं.

"आयकलं नाई कदी."

"मग सुकरीबुआला विचारा ना. तिलाच माहीत असणार."

घरात मराठी केव्हाच शिरली होती, पण नात्यांचे थोडे शब्द नर्मदेकाठचेच राहिले होते. आत्याला बुआ म्हणत. सुकरीबुआ म्हणजे दयालसोबत आलेली ती लहान मुलगी, पत्रूची मोठी बहीण. नव्वदीच्या पुढची झाली होती, वरोऱ्याला नातवाकडे असे.

दुसऱ्या दिवशी इसरू एकटाच वरोऱ्याला गेला. बुआ ओसरीवर उन्हात बसली होती. नजर अधू झाली होती, पण कान चांगले होते. चपलेच्या आवाजावरून तिने ओळखलं.

"इसरू हाय का? बस. काऊन उभा आहेस?"

तो बसला. घरचं, सगळ्यांचं विचारून झालं. मग त्याने पेटीचं सांगितलं. बुआने हातातला पेला खाली ठेवला. 

"फळ्या सडल्या का रे?"

"झाकन खचलं. बाकी चांगली हाय."

"सागवान होता तो. बापानं टेकूच्या लाकडातला निवडून घेतला होता. साहेबाले इचारून."

"कोन हाय बुआ त्यात?"

"पत्रू."

इसरूला वाटलं, म्हातारीचा घोळ होतोय. तो जरा मोठ्याने म्हणाला, "बुआ, पत्रू त माया बाप. त्याले आपुन कडुनिंबाजवळ ठेवला होता. तू आली होती."

"मले सारं याद हाय, वरडू नको," बुआ म्हणाली. "तुया बाप बी पत्रूच. अन पेटीत हाय तो बी पत्रूच."

मग तिने सांगितलं. मध्येच थांबे, पेल्यातलं पाणी घोटभर पिई, पुन्हा सांगू लागे.

"आमी इकडं आलो तवा पत्रू माईच्या पोटात होता. इथीच चाळीत झाला. मोठ्या कानाचा होता. मीच त्याले कडेवर घेऊन फिरो, माया कमरेले घट्टे पडले होते. चालाले शिकून राह्यला होता, तवा उन्हाळ्यात हगवन लागली अन गेला. बापानं पेटी केली. माई रडली नाई. तिच्या छातीत दूध दाटलं, ताप भरला, कोनाले वळखे ना. अन त्याच हप्त्यात कोळसा उचलनारी एक बाई मेली. अहेरीकडची, जंगलातली. संगं नवरा नव्हता, कोनी नव्हतं. तिचं लेकरू सावलीत पडून वरडून राह्यलं होतं. बायका येत, पाहत, जात. ज्याच्या त्याच्या घरी त्याचीच लेकरं होती. बापानं उचलून आनलं अन माईच्या मांडीवर देल्लं."

"मंग?"

"मंग काय. माईनं तोंडाकडं पाह्यलं बी नाई. पदर सारला. पोट्टं पेलं पेलं अन तिथीच झोपलं. तवा माई बोलली. एवढ्या दिवसांत पयल्यांदा बोलली. म्हने, पत्रू झोपला."

आतून नातसुनेने चहा आणून ठेवला. तो दोघांपैकी कुणीच उचलला नाही.

"बाप म्हने, याचं दुसरं नाव ठेवू. माई म्हने, मले दुसरं नाव येत नाई."

"अन आजोबांनी चालू देल्लं?" इसरू म्हणाला. आवाज चढला होता, तो त्याला आवरता येईना. "जो मानूस शपथ घ्याले तयार नव्हता, तो जलमभर खोटं बोलला?"

"कोनी इचारलंच नाई रे. इचारलं असतं त त्यानं सांगतलं असतं. चाळीत रोज कोनी ये, कोनी मरे. गोऱ्या साहेबाले काय, दयालचं एक पोट्टं होतं, एक हाय."

"माया बापाले मालूम होतं?"

"नाई. एकदा मले म्हने, बाई, तू माया नाव काऊन नाई घेत? मी म्हटलं, तू मोठा झाला आता, म्हून भाऊ म्हनतो." बुआने पदराने तोंड पुसलं. "माया पत्रू पेटीत होता. मी दुसऱ्याले कसं म्हनू? तुया बापावर जीव होता माया, तसं नको समजू. पन नाव तोंडातून निंगे नाई."

इसरू उठला. ओसरीच्या टोकापर्यंत गेला, परत आला.

"ते बाई. तिचं नाव काय होतं?"

"जंगलवाली म्हनो आमी. तिची बोलीच वेगळी होती."

"दिसाले कशी होती? उंच होती का?"

"लहानपनी सगळेच उंच दिसते रे."

"कुठी पुरली?"

"मजुरांले नाल्याकाठीच ठेवत. तिथीच असन."

नाला आता नव्हता. त्याच्यावर मातीचा डोंगर होता.

घरी येऊन इसरूने काहीच सांगितलं नाही. बुआला नीट आठवत नाही म्हणाला, आणि म्हणता म्हणताच त्याला जाणवलं की आपण खोटं बोललो. नूतन हिरमुसली. रंभा त्याच्याकडे पाहत राहिली, पण तिने विचारलं नाही. रविवारी तिघं बाकावर बसली. बाहेर ट्रकांचे भोंगे चालले होते. इसरूने डोळे मिटले की त्याला एकच विचार परत परत येई, की हा बाक माझा नाही. ज्यांच्या नियमांवर मी वाढलो, ज्यांच्या गोष्टी पोरीला सांगितल्या, ते माझे कुणी नव्हते. आणि जी होती, तिला ना नाव ना दगड. तास भरायच्या आधीच तो उठून बाहेर गेला. तीस-पस्तीस वर्षांच्या संसारात रंभाने हे कधी पाहिलं नव्हतं.

मंगळवारी तो चंद्रपूरला काम आहे सांगून निघाला आणि अहेरीच्या बसमध्ये बसला. गोंडपिपरी मागे पडली, आष्टीला वैनगंगा ओलांडली, आणि पुढे दोन्ही बाजूंना जंगल लागलं. सागाची पानं गळून रस्त्यावर उडत होती. या बाजूला तो आयुष्यात एकदा कुणाच्या तरी लग्नाला आला होता, तेव्हा बसमध्ये झोपून गेला होता. आता तो खिडकीला चिकटून बसला. काय पाहायचं होतं ते त्याला ठाऊक नव्हतं.

अहेरीला उतरून तो बाजारात शिरला. बोरं, वाल, वाळलेली मासळी, मिरच्या. तो वस्तूंकडे पाहत नव्हता, तोंडांकडे पाहत होता. साठीच्या पुरुषांपुढे जाऊन उभा राही. कपाळ पाही, जबडा पाही. आपल्या बापाचं बसकं नाक, रुंद खांदे, चालताना डावा पाय किंचित आत टाकायची सवय. तसे दहा जण दिसले, आणि तसा एकही नव्हता. एका मिरचीवाल्याने त्याला हटकलंसुद्धा, की भाऊ, घ्यायचं असेल तर घे, नाहीतर पुढे हो.

बाजाराच्या टोकाला एक म्हातारी बांबूच्या टोपल्या मांडून बसली होती. इसरू तिच्यासमोरून तिसऱ्यांदा गेला तेव्हा ती गोंडीत काहीतरी बोलली. तो नुसता उभा राहिला. मग तिने तोडक्यामोडक्या मराठीत विचारलं,

"कोनाले पाहून राह्यला?"

"आमच्याच मानसाले."

"गाव?"

"मालूम नाई."

"नाव?"

"मालूम नाई."

म्हातारी हसेल असं त्याला वाटलं. ती हसली नाही. तिने दोन टोपल्या उचलून बाजूला ठेवल्या आणि झाडाच्या सावलीत त्याच्यापुरती जागा केली. तो बसला. तिने पाण्याने भरलेला भोपळ्याचा तुंबा पुढे केला. तो प्यायला. नंतर दोघं काही बोलली नाहीत. गिऱ्हाईक आलं की ती बोले, गेलं की गप्प. उन्हं कलेपर्यंत इसरू तिथेच बसून होता. पेटी सापडल्यापासून इतका वेळ तो एका जागी बसला नव्हता. शेवटची बस लागली म्हणून कुणी ओरडलं, तेव्हा तो उठला, म्हातारीला हात जोडले आणि परत आला.

घरी रंभा दारातच होती.

"चंद्रपुरात तुमाले पाह्यलंच नाई कोनी," ती म्हणाली. "आता सांगा. दोन घास खाऊन सांगा, पन सांगा."

त्याने न जेवताच सांगितलं. सगळं सांगितलं, बुआने सांगितलं त्याच शब्दांत. नूतन कागदासमोर बसून ऐकत होती. त्याचं संपलं तेव्हा तिने पेन्सिल खाली ठेवली.

"म्हणजे आपण दयालचे नाहीच," ती म्हणाली.

"दयालचेच," इसरू पटकन म्हणाला.

"बाबा, रक्ताने नाही ना. मी हे सगळं जमवलं, शाळेतल्या मुलांना सांगितलं, सोहागपूरवाल्यांना फोन केले. आणि आपण त्यांचे कुणीच नाही. ते हसतील मला." तिच्या डोळ्यांत पाणी आलं. "आणि जी खरी आहे तिचं नावच नाही. मी लिहू काय?"

इसरू पुन्हा येरझारा घालू लागला होता. रंभाने ताट वाढून ठेवलं आणि कागदाकडे बोट दाखवलं.

"वरतं कोन हाय तो?"

"प्रेमदास," नूतन म्हणाली.

"तो कोनाचा होता?"

नूतन वाकून ते नाव पुन्हा वाचू लागली.

"मी लगन करून आली तवा मले तुया आज्यानं, पत्रूमामाजीनं, हेच पयले सांगतलं होतं. म्हने, बाई, आमचं घर सापडलेल्या पोट्ट्यापासून सुरू होते. लय खुशीनं सांगत." रंभाने ताट इसरूच्या दिशेने सरकवलं. "जेवा आता. थंडं होऊन राह्यलं."

तो जेवला. नूतन उशिरापर्यंत त्या कागदावर ओणवी होती, पण तिने काय लिहिलं, काय खोडलं, हे त्याने विचारलं नाही.

नवी जागा गावाबाहेर वणीच्या रस्त्याला होती. बोडकी मुरमाड जमीन, कडेला तारेचं कुंपण. ठरल्या दिवशी लटारू पहाटेच येऊन खड्डे खणून बसला होता. सुकरीबुआला नातवाने गाडीतून आणलं. तिच्यासाठी प्लास्टिकची खुर्ची ठेवली, पण ती पेटीजवळ जमिनीवरच बसली. हात फिरवत फिरवत तिने पेटीचा कोपरा शोधला, तिथल्या लाकडी दातांवर बोट ठेवलं, आणि हळूच "पत्रू" म्हणाली. नंतर बराच वेळ ती तोंडातल्या तोंडात बोलत होती. ते कुणालाच ऐकू आलं नाही, आणि कुणी ऐकायचा प्रयत्नही केला नाही.

कुलदीप टॅबलेट घेऊन आला.

"काका, लहान मुलाचं नाव कळलं का?"

"पतरस दयाल."

कुलदीपने बोट फिरवलं. "हे नाव आधी आलंय. तुमच्या वडिलांचं ना?"

"हो. दोघं होते."

"म्हणजे भाऊ भाऊ? एकाच नावाचे?"

इसरू थबकला. आजोबांना कुणी विचारलं नव्हतं. त्याला विचारलं होतं. त्याने ते शब्द मनात उलटसुलट करून पाहिले, आणि त्याला त्यांत खोटं काही सापडलं नाही.

"हो," तो म्हणाला. "भाऊ भाऊ."

कुलदीपने लिहून घेतलं. पेटी आजीशेजारी उतरवली. दुसऱ्या बाजूला पत्रू. आजोबा, आई. लटारूने एकेक खड्डा बुजवला आणि जुन्या जागेवरून आणलेले सपाट दगड बसवले.

"झालं का काका? मग मी कळवतो."

"आनखी एक जागा पायजे," इसरू म्हणाला. "माया बापाजवळ."

"कुणासाठी?"

"माया आजीसाठी."

कुलदीप गोंधळला. "आजीचं झालं ना आत्ता."

"दुसरी आजी. ते नाल्याकाठी होती."

कुलदीपने वळून पाहिलं. गावापलीकडे मातीचा डोंगर इथूनही दिसत होता, आणि त्याच्या माथ्यावर एक डंपर मागचा भाग उचलून माती ओतत होता. "काका, तिथून आता काही काढता नाही येणार," तो म्हणाला, आणि हे म्हणताना त्याचा आवाज साहेबासारखा राहिला नाही.

"मालूम हाय मले. काई ठेवाचं नाई. फक्त जागा पायजे."

कुलदीपने थोडा विचार केला. मग टॅबलेट काखेत धरला आणि गाडीकडे जाऊन पाठमोरा उभा राहिला.

लटारूने फावडं उचललं. पत्रूच्या बाजूची जमीन पायाने साफ केली. मग त्याने ते विचारलं, जे कबर खणणारा माणूस नेहमीच विचारतो.

"केवढी घेऊ भाऊ? बाई उंच होती का ठेंगनी?"

इसरूने बुआकडे पाहिलं. बुआने मान हलवली. तो रंभाकडे वळला, मग कुंपणाकडे, मग रस्त्याकडे, आणि शेवटी त्याची नजर नूतनवर येऊन थांबली. ती सावळी, बसक्या नाकाची, रुंद खांद्यांची मुलगी पत्रूच्या दगडाशी उभी होती.

"हिच्याएवढी घे," तो म्हणाला.

"काय बोलता हो?" रंभा ताडकन पुढे आली. "जित्या लेकराचं माप घेता? कोनी घेते का असं?"

लटारूही मागे सरला. "खरंच भाऊ, असं नाई करत जी. मी अंदाजानं घेतो नं."

"घ्या काका," नूतन म्हणाली. तिने चपला काढून बाजूला ठेवल्या. "आई, घेऊ दे."

रंभाने तिच्या तोंडाकडे पाहिलं आणि ती बाजूला झाली.

लटारूने फावडं उलटं केलं, त्याचा दांडा स्वतःच्या धोतराला पुसला, आणि नूतनच्या पाठीशी उभा धरला. दांडा तिच्या खांद्यापर्यंतच आला. उरलेलं त्याने वितीने मोजलं, अंगाला हात लागू न देता. माप हातात धरून तो तसाच सांभाळत जमिनीकडे गेला, दांडा आडवा टाकला, वीत ठेवली, आणि टाचेने डोक्याकडची रेघ ओढली.

नूतन अनवाणी उभी होती. पायाखाली मुरूम टोचत असणार, पण लटारूचं खणून होईपर्यंत ती हलली नाही.